रिपोर्ट नॉर्मल, अंग मात्र ठणकतंय: फायब्रोमायाल्जियाच्या निदानानंतरचे पहिले सहा महिने

फायब्रोमायाल्जिया हे नाव बहुतेकांच्या कानावर फार उशिरा पडतं. तोवर हाडांचे डॉक्टर करून झालेले असतात, मानेचा एमआरआय झालेला असतो, ड जीवनसत्त्वाची सॅशे पिऊन संपलेली असतात आणि शेजारच्या काकूंनी 'हे सगळं गॅसमुळे होतं गं' असा निकालही दिलेला असतो. मग सांधे-स्नायूंच्या आजारांचे तज्ज्ञ असलेले एखादे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट इथंतिथं दाबून बघतात, झोपेबद्दल विचारतात आणि कागदावर हे लांबलचक नाव लिहितात. ते वाचून एकीकडे हायसं वाटतं, कारण आपण ढोंग करत नव्हतो याला कागदी पुरावा मिळाला. दुसरीकडे 'हे कायमचं' या शब्दांनी पोटात गोळा येतो. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं. त्यातलं खरं कुठलं, हे पहिल्या आठवड्यात ठरवायची काही गरज नाही.

मी स्वतः या दुखण्यासोबत बरीच वर्षं राहते आहे. पुढचं सगळं नव्या पेशंटसाठी आहे आणि त्याचा रोख मुख्यतः एकाच गोष्टीवर आहे: या आजारात वाईट दिवसांपेक्षा बरे दिवस जपून वापरायचे असतात. औषधं, व्यायाम, झोप हे सगळं लागतंच, पण हे गणित चुकलं की बाकीच्याचा उपयोग निम्मा होतो.

आधी निदान नीट समजून घ्या

रक्ताच्या कुठल्याही तपासणीत फायब्रोमायाल्जिया दिसत नाही, एक्स-रेतही नाही. 1990 च्या निकषांत शरीरावरच्या ठरावीक 18 जागा दाबून बघत आणि त्यातल्या 11 दुखल्या तर निदान करत. ती पद्धत 2010 मध्ये मागे पडली. आता शरीराच्या 19 भागांपैकी कुठं कुठं दुखतं ते मोजतात, शिवाय थकवा, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं आणि डोकं बधिर झाल्यासारखं होणं किती आहे ते विचारतात. हे सगळं किमान तीन महिने टिकलेलं असावं लागतं. म्हणजे डॉक्टरांनी नुसतं बोलून निदान केलं तर ते अंदाजपंचे नसतं. या आजाराचं निदान बोलूनच होतं.

तपासण्या होतात त्या दुसरं काही नाही ना हे बघायला: सीबीसी, ईएसआर, सीआरपी, थायरॉईड, ड जीवनसत्त्व. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, काहींना तिच्यामुळेही स्नायू दुखतात. सांध्यांना सूज वगैरे काही नसताना 'एकदा सगळंच बघून टाकू' म्हणून आरए फॅक्टर आणि एएनए या आमवातासारख्या आजारांसाठीच्या रक्ततपासण्यांच्या मागे लागू नका. निरोगी माणसांतही या तपासण्या कधी कधी पॉझिटिव्ह येतात आणि मग नसलेल्या आजाराची धास्ती मागे लागते.

नेमकं बिघडतं काय? स्नायू किंवा सांधे झिजत नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जूतली वेदना जोखणारी यंत्रणा गरजेपेक्षा तिखट होते, टीव्हीचा आवाज कुणीतरी तीसवरून नव्वदवर नेऊन ठेवावा तशी. म्हणून ब्लाउजची शिवण टोचते, नातवाने गळ्यात हात टाकला तरी कळ येते, ट्यूबलाइटचा उजेडही कधी नकोसा होतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2017 मध्ये अशा दुखण्याचा वेगळा प्रकार मान्य केला. तेव्हा 'मनाचे खेळ' हे उत्तर आता पुस्तकी अर्थानेही शिळं आहे.

हा शहरी बायकांचा चोचला आहे असं म्हणणारे भेटतील. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात 1996 पासून सांधे-स्नायूंच्या दुखण्याची घरोघरी पाहणी झाली, त्यात दर शंभर प्रौढांत सुमारे अठरा जणांना असं काही ना काही दुखणं होतं. सगळ्यांना फायब्रोमायाल्जिया होता असं नाही, पण ठणकणारं अंग घेऊन शेतावर जाणारी माणसं गावोगाव आहेत. या आजाराचं जगभरातलं प्रमाण शंभरात दोन ते चार सांगितलं जातं. त्यात बायका जास्त असल्या तरी पुरुषही आहेत, आणि त्यांची सांगायची पंचाईत आणखी मोठी.

पहिले पंधरा दिवस फक्त वही

काहीही बदलायच्या आधी दोन आठवडे नोंद ठेवा. रोज रात्री चार ओळी पुरेत: दुखणं शून्य ते दहात किती, झोप कशी लागली, दिवसभरात सगळ्यात जड काम कुठलं केलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतं. ही शेवटची ओळ सोडू नका. या आजारात कामाचा हिशेब पुष्कळदा त्याच दिवशी होत नाही, तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी वसूल होतो. रविवारी माळा साफ केला आणि मंगळवारी उठवेना, तर माणूस सोमवारच्या वांग्याच्या भाजीला दोष देत बसतो.

तासातासाला आकडे मात्र लिहू नका. सतत दुखण्याकडे लक्ष ठेवलं की ते वाढल्यासारखं वाटतं.

औषधांबद्दल स्पष्ट बोला

साधारणपणे तीन औषधं लिहून दिली जातात: प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन, किंवा अगदी कमी मात्रेत रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन. घरातलं कुणीतरी मोबाइलवर नाव टाकतं आणि घाबरून विचारतं, "अगं, ही तर फिटची गोळी आहे! आणि ही डिप्रेशनची!" खरं आहे, ही औषधं त्या आजारांतही देतात. वेदनेचे संदेश ज्या रसायनांवर चालतात त्यांच्यावरही ती काम करतात, म्हणून इथं वापरतात. डॉक्टरांनी तुम्हाला वेडं ठरवलेलं नाही.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. काहींना चांगला फरक पडतो, बऱ्याच जणांना थोडा, काहींना अजिबात नाही. प्रीगाबालिनने चक्कर, झापड, पायाला सूज आणि वजनवाढ होऊ शकते. ड्युलोक्सेटिनने सुरुवातीला मळमळतं, म्हणून ते जेवणानंतर घेतलेलं बरं. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, सकाळी डोकं जड राहतं. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर ती गोळी सुरू करण्याआधी तसं सांगायलाच हवं. यातलं कुठलंही औषध मनाने अचानक बंद करू नका. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते.

रोज डायक्लोफिनॅक किंवा तसलीच दुसरी पेनकिलर घेऊन भागवणाऱ्यांसाठी: या आजारात सूज नसतेच, त्यामुळे सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. पोटाला आणि किडनीला त्रास मात्र होतो. दुसरी सूचना अधिक कडक आहे. बसस्टँडवरची, यूट्यूबवरची किंवा 'आमच्या गावच्या वैदूची' लेबल नसलेली पुडी घेऊन चार दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर आनंद नको, संशय घ्या. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. महिनोन्‌महिने घेतलं तर साखर, रक्तदाब, हाडं सगळं बिघडतं आणि एकदम सोडलं तर जिवावर बेतू शकतं. आधीपासून घेत असाल तर न लाजता डॉक्टरांना सांगा. कोमट तेलाने हलक्या हाताने केलेल्या मालिशीला माझा काही विरोध नाही. बरं वाटतं, पुरे.

औषधं लांबणार असतात, त्यामुळे खर्चाचं पहिल्याच भेटीत विचारा. तीच औषधं जेनेरिकमध्ये बरीच स्वस्त पडतात, जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

कामाचं माप काढा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच कुणी नीट समजावून सांगत नाही. 'झेपेल तेवढं करा' म्हणतात. पण झेपतं किती हे त्या क्षणी कळतच नाही, हीच तर अडचण आहे.

नेहमी काय होतं बघा. एक दिवस जरा बरं वाटतं. मग चार दिवसांचं साचलेलं सगळं आठवतं. चादरी धुवायच्या, बँकेत जायचं, फ्रिज पुसायचा, येताना भाजीही घेऊन यायची. संध्याकाळी अंग कुरकुरायला लागतं, तरी 'एवढं एक होऊन जाऊ दे' म्हणून आपण कणीक मळायला घेतो. पुढचे तीन दिवस अंथरुणात. मग पुन्हा कामं साचतात आणि पुढच्या बऱ्या दिवशी तीच कथा. हे चक्र जितक्या वेळा फिरेल तितकं शरीर धास्तावतं आणि झेपण्याची मर्यादा खाली घसरत जाते.

यावर उपाय असा. एक काम निवडा, समजा ओट्यापाशी उभं राहणं. तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यात एक बरा आणि एक वाईट दिवस येईल असं बघून, दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं उभं राहता येतं ते घड्याळ लावून मोजा. समजा 20, 8 आणि 14 मिनिटं भरली. सरासरी 14. तिच्यातून पाचवा हिस्सा वजा करा, उरतात साधारण 11. आता रोज, बरा दिवस असो की वाईट, 11 मिनिटं झाली की बसायचं. दुखत नसलं तरी बसायचं. दुखत नाही तेव्हा बसणं हीच खरी परीक्षा, आणि मराठी घरातल्या बाईसाठी तर कठीणच, कारण धडधाकट दिसणारी बाई ओट्यापाशी खुर्ची टाकून बसली की कुणीतरी बघतंच. बघू दे.

आठवडा-दोन आठवडे हे सुरळीत जमलं की मिनिट-दीड मिनिट वाढवा. 11 वरून थेट 20 वर उडी नको. एका कामात बसलं की हेच माप जिना, बस, कॉम्प्युटर, इस्त्री यांना लावा.

घरातल्या मांडणीतही थोडे बदल करा. पाच लिटरचा भरलेला कुकर उचलण्याऐवजी तीन लिटरचा छोटा वापरा. दळण एकदम दहा किलोचं न आणता थोडं थोडं आणा. रोजची भांडी कमरेच्या उंचीवर आणा, वरच्या फळीवर पाहुण्यांचे कप ठेवा. पातेलं नळाखाली भरून उचलण्यापेक्षा ओट्यावर ठेवून तांब्याने भरा. भाजी जमिनीवर बसून निवडू नका, टेबलाशी बसा. पोळ्या एका बैठकीत वीस लाटायच्याच असा कायदा नाही. निम्म्या लाटा, खुर्चीवर टेका, मग उरलेल्या. नाहीतर पोळीवाल्या मावशींना सांगा. कणीक दुसऱ्या कुणी मळली म्हणून घराचं घरपण जात नाही.

सणांचं वेगळं बोलायला हवं. दिवाळीच्या फराळात चकलीचा सोऱ्या हा मनगट आणि खांद्यांचा वैरी आहे. यंदा दोनच पदार्थ करा, तेही आठवडाभरात वाटून, आणि सोऱ्या दाबायला घरातला तरुण हात बसवा. गौरी-गणपतीत जागरण आणि उभ्याने स्वयंपाक दोन्ही एकत्र येतात. त्यातलं एक तरी कुणाला द्यायचं ते महिनाभर आधीच ठरवा. आयत्या वेळी मागितलेली मदत भांडणाचं रूप घेते.

चालणं, रोज आणि कंटाळवाणं

2017 मध्ये युरोपातल्या ऱ्हुमॅटॉलॉजी संघटनेने फायब्रोमायाल्जियावरच्या सगळ्या उपचारांचा पुरावा तपासला, तेव्हा ठाम शिफारस एकाच गोष्टीला मिळाली: व्यायाम. औषधांना नाही. मात्र 'व्यायाम करा' ऐकून थेट जिममध्ये किंवा बारा सूर्यनमस्कारांनी सुरुवात केली तर दोन दिवसांत अंग धरतं आणि माणूस कायमचा व्यायाम सोडतो.

सुरुवात पाच मिनिटांच्या चालण्याने करा. सोसायटीच्या आवारात, गॅलरीत, कुठंही. वर सांगितलेलं मापच इथंही. दर आठवड्याला दहा टक्के वाढ पुष्कळ झाली. सुरुवातीला दुखणं जरा वाढेल आणि त्याने इजा होत नाही. मात्र दोन दिवसांनीही ते उतरत नसेल तर पाऊल मोठं पडलंय, एक टप्पा मागे या. चालणं बसलं की हलकी ताकद वाढवणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका. जवळ पोहण्याचा तलाव असेल तर उथळ, फार गार नसलेल्या पाण्यात चालणं अंगाला मानवतं. योगवर्गात जात असाल तर शिक्षकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे 'अजून थोडं खाली वाका' म्हणून कुणी पाठीवर हात ठेवणार नाही.

झोप

टोरोंटोत 1975 मध्ये एक प्रयोग झाला. निरोगी माणसांना झोपू दिलं, पण गाढ झोप लागली की आवाज करून ती मोडायची. थोड्याच दिवसांत त्यांचंही अंग दुखायला लागलं आणि दाबलं की कळ येऊ लागली. म्हणजे दुखण्याने झोप जाते तसंच झोप मोडल्यानेही दुखणं येतं.

उठायची वेळ पक्की करा, झोपायची आपोआप सुधारते. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी. चहा चारनंतर बंद, हे लिहितानाही जिवावर येतंय. खूप घोरत असाल आणि सकाळी डोकं दुखत असेल तर झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करा. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर शरीरातलं लोह तपासा. या दोन्हींवर इलाज आहेत आणि दोन्हींकडे दुर्लक्ष होतं.

मनाचं काय

निदानानंतरचे काही महिने सुतकासारखे जाऊ शकतात. आपण गमावलेलं असतं ते आपलंच एक रूप: ट्रेकला जाणारं, चौथी सीट मिळाली नाही तरी कल्याणपर्यंत उभं राहणारं, पन्नास माणसांचा स्वयंपाक एकहाती उरकणारं. त्याबद्दल रडू आलं तर रडा. चिडचिड होईल, कधी मत्सरही वाटेल, जावेच्या धडधाकट पाठीचासुद्धा. हे बोलायला एक माणूस ठरवून ठेवा आणि शक्य असेल तर ते घराबाहेरचं असू द्या. घरातलेही आतून घाबरलेले असतात, आपलं ऐकता ऐकता उपाय सुचवायला लागतात.

मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं तर तो अपमान समजू नका. सीबीटी म्हणून जी समुपदेशनाची पद्धत आहे ती 'दुखणं खोटं आहे' असं शिकवत नाही. 'आज दुखतंय म्हणजे आता आयुष्य संपलं' ही जी मनातली उडी असते, तीच पकडायला शिकवते. तोवर घरी करण्यासारखं एक: श्वास घ्यायला चार अंक मोजा, सोडायला सहा, पाच मिनिटं. आवळलेले खांदे खाली येतात.

जगणं नकोसं वाटायला लागलं, रोज सकाळी तोच विचार यायला लागला, तर दुखण्याच्या पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलते.

घरी आणि ऑफिसात

"रिपोर्ट तर नॉर्मल आहेत ना?" हा प्रश्न सासूबाई विचारतील, नवरा विचारेल, बॉस विचारेल. दर वेळी आजाराचं व्याख्यान देऊ नका, दमाल. एक तयार उत्तर ठेवा: "हो आई, रिपोर्टमध्ये हा आजार दिसत नाही. अर्धशिशीही दिसत नाही ना, तसंच. गोळ्या चालू आहेत. तुम्ही फक्त रात्रीची भांडी राजूला लावायला सांगा." मदत अशी नेमकी मागा. 'मला कुणी समजूनच घेत नाही' यावर कुणाला काही करता येत नाही, भांडी मात्र लावता येतात.

ऑफिसात आजाराच्या नावापेक्षा गरज सांगा: पाठीला आधार देणारी खुर्ची, तासाला पाच मिनिटं उभं राहण्याची मुभा, गर्दीची लोकल टाळता येईल अशी वेळ. डॉक्टरांचं पत्र सोबत असू द्या.

भडका उडाला तर

भडका म्हणजे दुखणं अचानक खूप वाढणं. तो उडतोच. पाऊस, पाळी, ताप, लग्नघर, परीक्षा, भांडण, काहीही निमित्त पुरतं. त्यासाठी बऱ्या दिवशीच एक कागद लिहून कपाटाला आतून चिकटवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. त्यावर काय असावं: डॉक्टरांनी भडक्यासाठी सांगितलेली गोळी आणि तिची मात्रा, टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेकायची पिशवी, खिचडीच्या डब्याला फोन करायचा नंबर, रद्द करण्याजोग्या कामांची यादी, आणि एक ओळ: दिवसभर झोपून राहायचं नाही, दर दोन तासांनी घरातल्या घरात एक फेरी. कामं निम्म्यावर आणा, शून्यावर नको. भडका ओसरला की पहिल्या बऱ्या दिवशी तुंबलेलं काम उपसायला बसू नका. पुन्हा जुनंच माप, तेही थोडं कमी करून.

प्रत्येक दुखणं याच खात्यात टाकू नका

एकदा हे नाव चिकटलं की नवं काही झालं तरी आपणच म्हणतो, 'त्याचंच असेल'. पुढच्यापैकी काही दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा: सांध्यावर डोळ्यांना दिसणारी सूज आणि सकाळी तासाभराहून जास्त आखडणं, ताप, कारण नसताना उतरणारं वजन, हातापायातली ताकद जाणं. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल. छातीत दुखलं तरी तेच. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं जोरात दुखू लागलं आणि सोबत चावताना जबडा दुखतोय किंवा दिसायला कमी झालंय, तरीही वाट बघू नका. फायब्रोमायाल्जिया असलेल्या माणसाला आमवातही होतो आणि स्लिप डिस्कही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना

वही घेऊन जा, पण सगळी वाचून दाखवू नका, वेळ दहा मिनिटांचा असतो. एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: आधी जमत नव्हतं आणि आता जमतंय असं एक काम, गोळीमुळे होणारा एक त्रास, आणि अजून अडलेली एक गोष्ट. 'दुखणं सातवरून सहावर आलं' यापेक्षा 'आता मंडईत जाऊन येते आणि दुसऱ्या दिवशी उठते' हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं. औषधाचा तीन महिन्यांत काहीच उपयोग झाला नसेल तर ते तसंच पुढे ओढायचं की उतरवायचं हे विचारा, आणि नवं सुरू करणार असतील तर एका वेळी एकच करायला सांगा, म्हणजे गुण कशाचा आला ते कळेल. सहा महिन्यांच्या भेटीलाही हीच चिठ्ठी नव्याने लिहा आणि जुनी तिच्या मागे टाचून न्या.